चित्रांवर वॉटरमार्क उमटवण्यासाठी एक्सएनकन्व्हर्ट : एक परीक्षण

गणेशोत्सव किंवा आषाढी एकादशी जवळ आली की डिजिटल चित्रकारांची चित्रे त्यांना न विचारता शुभेच्छापत्रांवर, दुकानांच्या जाहिरातींवर आणि चौकातल्या फ्लेक्सवर झळकू लागतात. कोपऱ्यातली सही कापून टाकलेली असते आणि त्या जागी शुभेच्छुकांचे फोटो येतात. चित्र जालावर टाकण्यापूर्वी त्यावर नीट वॉटरमार्क, म्हणजे आपल्या नावाची फिकट खूण, घालणे हा यावरचा पूर्ण उपाय नसला, तरी चोरी अवघड करणारा आणि चित्र कोणाचे आहे हे ठामपणे सांगणारा उपाय नक्कीच आहे. त्या कामासाठी मी एक्सएनकन्व्हर्ट हा प्रोग्रॅम नियमितपणे वापरतो.

एक्सएनसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा हा प्रोग्रॅम विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालतो. त्याचा खरा उपयोग एकेका चित्रासाठी नसून थप्पीने काम उरकण्यासाठी आहे. चित्रांचा सगळा फोल्डर पहिल्या टॅबमध्ये ओढून टाकायचा, दुसऱ्या टॅबमध्ये कोणकोणत्या क्रिया करायच्या ते क्रमाने मांडायचे आणि तिसऱ्यात निकाल कुठे व कोणत्या फॉरमॅटमध्ये साठवायचा ते सांगायचे, एवढीच कामाची रीत आहे. मूळ फाइलला धक्का न लावता प्रती वेगळ्या फोल्डरमध्ये तयार होतात, आणि एकदा जुळवलेली मांडणी साठवून ठेवता येत असल्यामुळे पुढच्या वेळी सगळी जुळवाजुळव पुन्हा करावी लागत नाही.

क्रियांच्या क्रमाकडे मात्र बारकाईने लक्ष द्यावे लागते. आधी वॉटरमार्क आणि मग आकार कमी करणे असा क्रम ठेवला, तर मोठ्या चित्रावरचा वॉटरमार्क चित्राबरोबरच आक्रसून वाचता येईनासा होतो. म्हणून आधी आकार कमी करायचा आणि वॉटरमार्क शेवटी घालायचा. लांब बाजू 1200 पिक्सेलपर्यंत खाली आणणे मला पुरेसे वाटते. तेवढी रुंदी असलेले चित्र कोणी दहा फुटी फ्लेक्सवर ताणले, तर इंचाला जेमतेम 10 पिक्सेल वाट्याला येतात आणि जवळून पाहणाऱ्याला त्याचे ठोकळे दिसू लागतात.

वॉटरमार्क म्हणून मजकूर थेट टाइप करण्याची सोय प्रोग्रॅममध्ये आहे, पण मी ती वापरत नाही. देवनागरीतले पूर्ण नाव आणि साल इंकस्केप या रेखाटनाच्या प्रोग्रॅममध्ये मनासारखे मांडून त्याची पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी फाइल करतो आणि तीच इथे देतो, कारण मग अक्षरांचे वळण, जोडाक्षरे आणि शब्दांतले अंतर माझ्या हातात राहते. अपारदर्शकता मी साधारण 20 ते 25 टक्के ठेवतो. त्याहून कमी ठेवली तर फिकट आकाशावर नाव दिसेनासे होते, जास्त ठेवली तर चित्र पाहण्यातला आनंदच जातो.

जागेची निवड सर्वांत महत्त्वाची आहे आणि ती प्रोग्रॅम आपल्यासाठी करत नाही. आता साध्या मोबाइलमध्येही नको असलेला भाग खोडून टाकण्याची सोय आलेली असल्यामुळे सपाट पार्श्वभूमीवरचा वॉटरमार्क क्षणात नाहीसा होतो. तोच नऊवारीच्या काठावरून, विठ्ठलाच्या तुळशीहारावरून किंवा नथीच्या मोत्यांवरून गेलेला असेल, तर तो खोडताना यंत्राला तिथले बारीक काम अंदाजाने भरावे लागते आणि काठाची नक्षी तुटते, मोती एकमेकांत मिसळतात. म्हणून नाव तिरके, चित्राच्या मुख्य विषयावरून आणि तपशिलांनी भरलेल्या भागावरून न्यावे.

या प्रोग्रॅमची खरी उणीव मला इथेच जाणवते. थप्पीतल्या प्रत्येक चित्रावर तो अगदी एकसारखा वॉटरमार्क उमटवतो. गूगलच्या संशोधकांनी 2017 साली दाखवून दिले होते, की एकच वॉटरमार्क असलेली पुष्कळ चित्रे हाती आली तर संगणक त्यांची तुलना करून तो वॉटरमार्क शोधून काढतो आणि आपोआप पुसतो. नुसती जागा किंवा अपारदर्शकता बदलल्याने फारसा फरक पडत नाही, पण प्रत्येक चित्रागणिक वॉटरमार्कचा आकार किंचित वाकवला तर पुसल्यानंतरही त्याच्या खुणा राहतात, असेही त्यांना आढळले. वाकवण्याची अशी सोय मला इथे मिळाली नाही, त्यामुळे मी क्रिता या चित्रकलेच्या प्रोग्रॅममध्ये माझ्या नावाच्या थोड्या वेगवेगळ्या वळणाच्या फाइली करून ठेवतो आणि प्रत्येक लहान गटाला वेगळी फाइल लावतो. यात वेळ जातो. प्रोग्रॅमनेच ते केले असते तर फार बरे झाले असते.

प्रत साठवताना मेटाडेटा, म्हणजे निर्मात्याच्या नावासारखी फाइलच्या आत नोंदवलेली माहिती, जपण्याचा पर्याय दिलेला आहे आणि तो चालू ठेवावा, परंतु समाजमाध्यमांवर चढवताना ही माहिती बहुधा गळून पडते, म्हणून चित्रावर डोळ्यांना दिसणारे नाव लागतेच. त्याला कायद्याचाही आधार आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 2012 साली घातलेल्या कलम 65बी नुसार निर्मात्याची ओळख सांगणारी अशी माहिती अधिकार नसताना जाणूनबुजून काढणे किंवा बदलणे हा गुन्हा आहे, आणि त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद व दंड होऊ शकतो. याच कारणासाठी आद्याक्षरांच्या शोभिवंत मोनोग्रामपेक्षा वाचता येणारे पूर्ण नाव मी श्रेयस्कर मानतो.

आपली चित्रे वापरून कृत्रिम बुद्धिमत्तेला शिकवले जाईल आणि आपल्या शैलीची नक्कल होईल अशी धास्ती असणाऱ्यांना मात्र वॉटरमार्कचा उपयोग नाही. त्यासाठी शिकागो विद्यापीठाने 2023 मध्ये आणलेले ग्लेझ हे वेगळे साधन आहे, आणि ग्लेझ लावलेल्या प्रतीवर इथला वॉटरमार्क घालता येतो.

खाजगी वापरासाठी एक्सएनकन्व्हर्ट विनामूल्य आहे. चित्रकला हाच व्यवसाय असणाऱ्यांनी मात्र व्यावसायिक परवाना विकत घ्यावा. आपल्या कामाचे मोल इतरांनी द्यावे असे म्हणणाऱ्या आपण तो घेणे मला आवश्यक वाटते.