जुन्या लॅपटॉपसाठी कोणती एसएसडी: स्वस्त 240 जीबी, चांगली 500 जीबी की एनव्हीएमई?

भाचीचा लॅपटॉप 2014 चा. इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, 4 जीबी रॅम, आत 500 जीबीची फिरती हार्ड डिस्क. चालू केला की टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा आकडा 100 टक्क्यांवर जाऊन बसायचा आणि पाच-सात मिनिटं हलायचा नाही. कीबोर्डच्या खाली तळहात टेकला की डिस्कची कुरकुर हाताला लागायची. बीसीएच्या शेवटच्या वर्षाला नवा घेणं घरच्यांना जमणार नव्हतं. यात काय टाकलं तर हा अजून दोन-तीन वर्षं काढेल, एवढाच प्रश्न होता.

नवी हार्ड डिस्क मी विचारातच घेतली नाही. 5400 आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला 5400 फेरे मारणाऱ्या डिस्कला एका फेऱ्याला 11 मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा हेडखाली (वाचणाऱ्या टोकाखाली) यायला सरासरी अर्धा फेरा, शिवाय हेड सरकायला दहा-बारा मिलिसेकंद. विखुरलेले छोटे तुकडे सेकंदाला साठ-सत्तरच वाचून होतात, आणि विंडोज सुरू होताना असे हजारो लागतात. एसएसडीत सगळं चिपवर, फिरणारं काहीच नाही, त्यामुळे तोच तुकडा मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात मिळतो.

एनव्हीएमईचंही, म्हणजे वेगळ्या स्लॉटमध्ये बसणाऱ्या जास्त वेगवान एसएसडीचंही, लवकर आटपतं. त्या काळच्या बहुतेक लॅपटॉपना तो स्लॉटच नसतो. छोटा एम.2 स्लॉट दिसला तरी तो फक्त सॅटाचा (हार्ड डिस्कच्याच जुन्या, कमी वेगाच्या जोडणीचा) असू शकतो, म्हणून मॉडेलचं मॅन्युअल पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. कागदावर सेकंदाला 3500 एमबी विरुद्ध सॅटाचे 550 एमबी हा फरक मोठा दिसतो. ब्राउझर, वर्ड आणि कोडिंग करणाऱ्याला तो जवळपास जाणवत नाही.

खरी निवड आहे ती अडीच इंची सॅटा एसएसडीच्या दोन प्रकारांमध्ये. एकीकडे किंग्स्टन ए400 सारखी डीरॅम (ड्राइव्हची स्वतःची वेगवान मेमरी) नसलेली 240 जीबी, वॉरंटी 3 वर्षं किंवा एकूण 80 टेराबाइट लिखाण, जे आधी होईल ते. दुसरीकडे सॅमसंग 870 ईव्हीओसारखी डीरॅम असलेली 500 जीबी, 5 वर्षं किंवा 300 टेराबाइट. कोणती माहिती कुठे ठेवली याचा नकाशा चांगली ड्राइव्ह स्वतःच्या डीरॅममध्ये ठेवते. स्वस्त ड्राइव्हला तो पुन्हापुन्हा साठवणीच्या फ्लॅश चिपमधून वाचावा लागतो. मोठ्या फाइली सलग कॉपी करताना किंवा ड्राइव्ह गच्च भरल्यावर ती दमते. पण 80 टेराबाइटच्या आकड्याला घाबरू नका. रोज 20 जीबी लिहिलं तरी वर्षाला सव्वासात टेराबाइट होतात, म्हणजे दहा वर्षं सहज.

माझं मत स्पष्ट आहे. रॅम 4 जीबी असेल तर ओळखीच्या कंपनीची स्वस्त 240 घ्या आणि उरलेल्या पैशांत रॅम 8 जीबी करा. रॅम कमी पडली की लॅपटॉप तिचं काम ड्राइव्हवर ढकलतो, आणि महागडी एसएसडी टाकूनही दहा टॅब उघडल्यावर तो अडकतोच. या पिढीच्या लॅपटॉपला 1.35 व्होल्टची डीडीआर3एल रॅम लागते. साधी डीडीआर3 दिली तर परत करा. रॅम आधीच 8 असेल, किंवा व्हिडिओ एडिटिंग, व्हर्च्युअल मशीन असलं काम असेल, तर मात्र पाचशेवालीच घ्या. नाव न ऐकलेल्या कंपनीची, किमतीच्या मानाने अफाट क्षमता सांगणारी ड्राइव्ह फुकट मिळाली तरी तिच्यात प्रोजेक्ट ठेवू नका.

डीव्हीडी ड्राइव्हच्या जागी कॅडी (डिस्क बसवायची चौकट) बसवून जुनी डिस्क आत ठेवणं हा जागा वाढवायचा स्वस्त मार्ग आहे. कॅडी घेण्याआधी डीव्हीडी ड्राइव्हची जाडी मोजा: 9.5 की 12.7 मिलिमीटर. एसएसडी मात्र हार्ड डिस्कच्या मूळ जागीच लावा, कारण काही मॉडेल्समध्ये डीव्हीडीचं पोर्ट कमी वेगाचं असतं. आमच्या डिस्कला क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत तपासणाऱ्या प्रोग्रामने पिवळा, म्हणजे धोक्याच्या इशाऱ्याचा शेरा दिला होता: पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न येणारे भाग) 8. अशी डिस्क कॅडीत घालण्याच्या लायकीची नसते. क्लोनच्या, म्हणजे डिस्कची जशीच्या तशी नक्कल करण्याच्या भानगडीत न पडता तिचे फोटो आणि प्रोजेक्ट आधी पेनड्राइव्हवर काढले, मगच स्क्रू उघडून स्टीलच्या वाटीत ठेवले.

विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि प्रोसेसरची चौथी पिढी विंडोज 11 च्या यादीत नाही. म्हणून कोऱ्या ड्राइव्हवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकली. जावा, पायथन, व्हीएस कोड सगळं त्यावर चालतं. तुमच्या कॉलेजचं किंवा ऑफिसचं एखादं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवरच चालत असेल, तर ते खरेदीआधी विचारून घ्या.

आणि दुकानातून घेतलीत तर बिलाचा त्याच दिवशी फोटो काढा. थर्मल कागदावरची अक्षरं वॉरंटी संपायच्या आत उडून जाऊ शकतात.