यूपीएस की एनपीएस? चॅनेलवरची भांडणं बाजूला ठेवून

भाची केंद्र सरकारच्या नोकरीत. तिच्यापुढे पेन्शनच्या दोन योजना: ठरलेल्या पेन्शनची यूपीएस (एकीकृत पेन्शन योजना) आणि बाजाराशी जोडलेली एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन प्रणाली). त्यावरच्या रात्रीच्या चर्चा पाहून तिचा गोंधळ वाढतोच. एक प्रवक्ता यूपीएसला ‘ऐतिहासिक’ म्हणतो, दुसरा ‘फसवणूक’. आकडे कुणीच सांगत नाही. याचा मला राग येतो.

पगारातून कपात दोन्हीकडे 10 टक्केच. यूपीएसमध्ये 25 वर्षं सेवेनंतर शेवटच्या 12 महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन: 80,000 असेल तर 40,000. वर महागाई सवलत, आणि मृत्यूपश्चात जोडीदाराला त्या पेन्शनच्या 60 टक्के. एनपीएसमध्ये 60 टक्क्यांपर्यंत रक्कम एकदम हातात येते, पण मासिक पेन्शन बाजारावर आणि ॲन्युइटीच्या (उरलेल्या रकमेतून विमा कंपनीकडून घ्यायच्या पेन्शनच्या) दरावर.

दहा वर्षांच्या आत नोकरी सोडायची असेल तर एनपीएसच. भाची निवृत्तीपर्यंत टिकणारी, घर तिच्यावर अवलंबून. तिला मी यूपीएसच सांगितलं.