हिब्रू शिकवणाऱ्यांसाठीचा ऑनलाइन वर्ग कोल्हापुरातून घ्यावा का?

वर्ग आठ आठवड्यांचा, आठवड्याला दीड-दीड तासाची दोन सत्रं, जेरुसलेमहून झूमवर. हिब्रू येणाऱ्यांना ती शिकवायची कशी, हे शिकवणारा. कोल्हापुरात ज्यांच्याकडे बायबलचा मूळ पाठ वाचायला धर्मशिक्षणाचे विद्यार्थी येतात, किंवा इस्रायलमध्ये वृद्धांच्या शुश्रूषेच्या कामाला निघालेली मुलंमुली येतात, त्यांनी तो जरूर घ्यावा. मात्र पहिल्या तीन आठवड्यांचे पाठ जसेच्या तसे आपल्या शिकवणीत नेऊ नयेत. ते इंग्रजी बोलणारा विद्यार्थी समोर धरून रचलेत, आणि मराठी माणूस अडखळतो ती जागा वेगळी असते.

उदाहरण घ्या. 'अनी लोमेद' म्हणजे मी शिकतो, 'अनी लोमेदेत' म्हणजे मी शिकते. बोलणाऱ्याच्या लिंगाप्रमाणे क्रियापद बदलतं, हे पटवायला वर्गात तीन सत्रं जातात. आपल्याकडे एक वाक्य पुरतं. 'येश ली सेफेर' म्हणजे माझ्याकडे पुस्तक आहे; रचना तीच, समजावण्यासारखं काही नाही. त्सादी हे अक्षर 'चोर' आणि 'चांगला' यांतल्या च सारखं, 'चहा'तल्या च सारखं नव्हे. एवढं सांगितलं की झालं. वाचलेला वेळ हेत या अक्षराला द्या. आपले विद्यार्थी तिथे सरळ 'ख' म्हणतात. 'ख' म्हणताना जिभेचा मागचा भाग टाळूला चिकटतो. इथे तो चिकटू द्यायचा नाही, फट ठेवून हवा घासत सोडायची.

खरी अडचण कर्माच्या आधी येणाऱ्या 'एत' या छोट्या शब्दाची, आणि वर्गात ती दहा मिनिटांत उरकली जाते. 'एत'चं भाषांतर 'ला' असं करून दिलं की घोटाळा ठरलेला. मराठीत 'ला' बहुधा सजीवाला लागतो: मुलाला पाहिलं, पण भाकरी खाल्ली. हिब्रूत सजीव-निर्जीव बघायचं नाही, कर्म निश्चित आहे का ते बघायचं. 'तो पाव खातो' यात ठरावीक पाव असेल तर 'एत हा-लेखेम'. कुठला तरी एक मुलगा दिसला असेल तर 'एत' नाहीच. आपला विद्यार्थी दोन्हीकडे नेमकं उलटं करतो. त्यासाठी वीस वाक्यांचा वेगळा सराव स्वतः तयार करावा लागेल. आकड्यांचंही तसंच. विशेषणात शेवटचा 'आ' स्त्रीलिंगी असतो, 'तोवा' म्हणजे चांगली. पण तीन मुलगे 'श्लोशा बानीम' आणि तीन मुली 'शालोश बानोत'. आकडा नामासकटच पाठ करून घ्या, सुटा कधीच नको.

चौथ्या ते सहाव्या आठवड्यासाठी मात्र पूर्ण फी मोजावी. धातू आणि सात बिन्यान, म्हणजे धातूपासून क्रियापदं घडवण्याचे साचे, इतके नीट उलगडलेले क्वचित मिळतात. एक कार्ड, त्यावर क-त-ब ही तीन मूळ अक्षरं, आणि खाली एकेक शब्द: कातव म्हणजे लिहिलं, मिख्ताव म्हणजे पत्र, क्तोवेत म्हणजे पत्ता, हिख्तीव म्हणजे दुसऱ्याकडून लिहवून घेतलं, हित्कतेव म्हणजे पत्रव्यवहार केला. आधी पाअल, पिएल, हिफिल, हित्पाएल, कर्मणीचे नंतर. हा क्रम मोडू नका. आपल्या हातात तर आणखी एक साधन आहे. अरबीतून फारसीमार्गे आलेले शब्द मराठीत पडलेलेच आहेत: किताब याच धातूचा, आणि हिशेब-हेश्बोन, कबर-केवेर, कुर्बानी-कोर्बान या जोड्या सख्ख्या. 'हेश्बोन, बेवकशा' म्हटलं की तिकडे हॉटेलात बिल येतं. हा शब्द मग कोणी विसरत नाही. हित्पाएलमध्ये धातू स, श ने सुरू झाला की 'त' त्याच्या मागे सरकतो, म्हणून 'हित्शमेश' न होता 'हिश्तमेश'. तोंडी 'नुकसान'चं 'नुसकान' होतं ना, तशीच जिभेची सोय.

हस्ताक्षराला वर्गात फार कमी वेळ आहे. छापील आणि हाताने लिहिलेली हिब्रू अक्षरं यांत बाळबोध आणि मोडीइतकं अंतर आहे. इथल्या पुराभिलेखागारातले मोडी कागद पाहिलेल्यांना हे चटकन कळेल. धर्मशिक्षणवाल्यांना त्याची गरज नाही. शुश्रूषेच्या कामावर मात्र घरच्यांनी औषधाच्या वेळा चिठ्ठीवर लिहून ठेवल्या तर त्या वाचता आल्याच पाहिजेत. स्वरचिन्हांचं, म्हणजे निकुदचं उलट. बायबलच्या पाठात ती छापलेली असतात. पेपरात आणि पाट्यांवर नसतात. नोकरीवाल्यांना चौथ्या आठवड्यापासून ओळखीच्या शब्दांवर निकुद देणं बंद करा.

'तीन महिन्यांत आलेफ पातळी' अशी जाहिरात कोणी करू नये. १९४९ साली जेरुसलेमला सुरू झालेल्या एत्सिओन उल्पान या हिब्रू शिकवणाऱ्या शाळेपासून चालत आलेल्या पद्धतीत आलेफ ते वाव अशा सहा पातळ्या आहेत, आणि नुसत्या पहिल्या, आलेफ पातळीला रोज पाच तासांप्रमाणे पाच महिने, म्हणजे सुमारे ५०० तास धरतात. आठवड्याला तीन तासांच्या शिकवणीत त्याला तीन वर्षांहून जास्त लागतात. पालकांना हे आधी सांगा.

मराठीतलं साहित्य वर्गाकडून मिळत नाही, ते स्वतः तयार करावं लागतं. बेने इस्रायलींसाठी, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंसाठी, १८४६ साली मुंबईत आणि १८७४ साली पुण्यात मराठी भाषांतरासह हिब्रू हग्गादा, म्हणजे वल्हांडण सणाला वाचायच्या पोथ्या, छापल्या गेल्या, म्हणजे हिब्रू आणि मराठी मजकूर एका पानावर आणणं अवघड नाही. वर्डमध्ये परिच्छेदाची दिशा उजवीकडून डावीकडे करा, नाहीतर पूर्णविराम वाक्याच्या भलत्या टोकाला जाऊन बसतो. झेरॉक्सच्या दुकानात वर्डची फाइल देऊ नका, तिथे फॉन्ट नसला की निकुद विस्कटतं, पीडीएफ द्या. अक्षर किमान १८ पॉइंट. बारा पॉइंटात झेरॉक्सची शाई पसरून 'हे' नावाच्या अक्षराची डावीकडची फट बुजते, तो 'हेत' दिसतो, आणि विद्यार्थी बिचारा चुकीचं वाचतो.

पैसे भरण्याआधी कार्डावर परदेशी व्यवहार चालू करून घ्या. तिकडे संध्याकाळी सहाला सुरू होणारं सत्र हिवाळ्यात आपल्याकडे रात्री साडेनऊला येतं, उन्हाळ्यात साडेआठला. मार्चअखेर आणि ऑक्टोबरअखेर त्यांची घड्याळं बदलतात, त्या आठवड्यात वेळ पुन्हा विचारून घ्या. शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार सत्र नसतं, रविवारी असतं.