आधी वाचावे की आधी पाहावे? विल्यम गोल्डमन यांच्या तीन कादंबऱ्या आणि त्यांच्याच तीन पटकथा

कादंबरीवरून चित्रपट निघाला की ‘पडद्यावर मूळ पुस्तकाची वाट लागली’ ही तक्रार वाचकांच्या तोंडी ठरलेली असते, आणि बहुतेक वेळा तिचा रोख पटकथाकारावर असतो. विल्यम गोल्डमन या अमेरिकी लेखकाच्या बाबतीत ही तक्रार करायला फारशी जागा उरत नाही, कारण ‘द प्रिन्सेस ब्राइड’, ‘मॅरेथॉन मॅन’ आणि ‘मॅजिक’ या तिन्ही कादंबऱ्या त्यांच्या आहेत आणि त्यांवरून निघालेल्या चित्रपटांच्या पटकथाही त्यांच्याच नावावर आहेत. एकाच माणसाने एकच गोष्ट दोन माध्यमांत सांगितलेली असल्यामुळे नव्या वाचकापुढचा प्रश्न इतकाच उरतो, की ती पहिल्यांदा कोणत्या रूपात घ्यावी. माझे मत सुरुवातीलाच नोंदवून ठेवणे बरे. ‘मॅरेथॉन मॅन’ आधी वाचावी आणि मगच पाहावी. ‘मॅजिक’ नुसता पाहिला तरी फारसे बिघडत नाही. आणि ‘प्रिन्सेस ब्राइड’ पाहावा व वाचावीही, मात्र तिथे क्रमाला महत्त्व नाही. या तीन उत्तरांमागचे कारण एकच आहे आणि ते गोल्डमन यांच्या लेखनपद्धतीत आहे.

गोल्डमन यांचा जन्म 1931 मध्ये शिकागोत झाला आणि बालपण जवळच्याच हायलंड पार्क या उपनगरात गेले. वडील व्यावसायिक होते, परंतु दारूच्या व्यसनाने ते खचत गेले, आणि गोल्डमन शाळेत असतानाच त्यांनी आत्महत्या केली. ओबर्लिन महाविद्यालयात असताना गोल्डमन तिथल्या वाङ्मयीन नियतकालिकाच्या संपादकांपैकी एक होते. आपल्या कथा ते नाव न घालता निवडीसाठी ठेवत आणि सहसंपादक त्या नाकारत, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. त्यानंतर लष्करातली नोकरी आणि कोलंबिया विद्यापीठातली एम.ए.ची पदवी झाली, आणि 1956 च्या उन्हाळ्यात तीन आठवड्यांच्या आत त्यांनी ‘द टेम्पल ऑफ गोल्ड’ ही पहिली कादंबरी लिहून काढली. ती पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झाली. म्हणजे ते आधी कादंबरीकार होते. पटकथा त्यांच्याकडे 1960 च्या दशकाच्या मध्यात आली, आणि तोवर त्यांच्या नावावर अनेक कादंबऱ्या जमा झाल्या होत्या.

कादंबरीकाराच्या हातात एक सोय असते, जी पटकथाकाराला कधीच मिळत नाही. पानावर माणसाला चेहरा नसतो, फक्त नाव असते. आणि लेखकाने ठरवले तर ते नाव वाचकाला बराच काळ चकवू शकते. बोलणारा कोण, त्याचे खरे नाते कोणाशी, तो सांगतो ते खरे की रचलेले, हे सगळे निवेदनाच्या आड ठेवता येते. कॅमेऱ्यापुढे मात्र माणूस उभा राहिला की त्याचा चेहरा दिसतोच, आणि पुढच्या दृश्यात तो पुन्हा आला की प्रेक्षक त्याला ओळखतोच. गोल्डमन यांच्या या तिन्ही कादंबऱ्या नेमक्या याच आडोशावर उभ्या आहेत. त्यामुळे पटकथा लिहिताना प्रत्येक वेळी त्यांना आपल्या कादंबरीचा मुख्य खांब काढून तिथे दुसरा काहीतरी आधार द्यावा लागला. तिन्ही ठिकाणी तो आधार सारखा भक्कम झालेला नाही, आणि वाचकाच्या निवडीचा प्रश्न तिथेच सुटतो.

‘मॅरेथॉन मॅन’ 1974 मध्ये आली. नायक थॉमस लेव्ही, ज्याला सगळे बेब म्हणतात, हा कोलंबिया विद्यापीठात इतिहासाचे संशोधन करणारा आणि रोज धावण्याचा सराव करणारा तरुण आहे. त्याचे वडीलही नामांकित इतिहासकार होते. मॅकार्थी काळातल्या, म्हणजे 1950 च्या दशकात अमेरिकेत कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून झालेल्या, छळापायी त्यांनी स्वतःचा जीव घेतला, आणि मुलगा त्या मृत्यूची सावली डोक्यावर घेऊन वावरतो. गोल्डमन यांच्या स्वतःच्या घरातला आघात ध्यानात घेतला तर हा भाग केवळ कथानकाच्या सोयीसाठी आलेला नाही असे मला ठामपणे वाटते, आणि कादंबरीत त्याला जेवढी जागा मिळाली आहे तेवढी चित्रपटात मिळालेली नाही. दुसऱ्या बाजूला दक्षिण अमेरिकेत लपून राहिलेला झेल हा नाझी दंतवैद्य आहे, जो आपल्या हिऱ्यांसाठी न्यूयॉर्कला येतो. या दोन धाग्यांच्या मधोमध एका व्यक्तीविषयीचे गुपित आहे. कादंबरीत ते गुपित केवळ नावांच्या खेळावर कितीतरी प्रकरणे टिकते, आणि ते फुटते त्या क्षणी मागची सगळी पाने पुन्हा आठवून पाहावी लागतात. 1976 च्या चित्रपटात त्या व्यक्तीचा चेहरा आपण सुरुवातीपासून पाहतो, म्हणून ते गुपित तिथे असूच शकत नाही. चित्रपट आधी पाहिलेल्या माणसाला कादंबरीतला हा धक्का पुन्हा कधीही मिळणार नाही. उलट कादंबरी आधी वाचलेल्याचे चित्रपटात काहीच बुडत नाही.

चित्रपटाची स्वतःची ताकद वेगळी आहे, आणि ती कोणी कमी लेखू नये. बेबला खुर्चीला बांधून झेल त्याच्या दाताशी खेळतो तो प्रसंग दोन्हीकडे आहे. एकच लहानसा प्रश्न झेल पुन्हा पुन्हा विचारतो, आणि प्रश्न कशाबद्दल आहे हेच बेबला ठाऊक नसल्यामुळे तो हो म्हणून पाहतो, नाही म्हणून पाहतो, काहीही म्हणून पाहतो. आधी किडलेल्या दाताला टोचून कळ आणायची, मग लवंगेचे तेल लावून ती थांबवायची, आणि आराम किती सोपा आहे हे शांतपणे समजावून सांगायचे, ही झेलची पद्धत. (किडलेल्यापेक्षा निरोगी दातात गिरमिट घालणे जास्त यातनादायक ठरेल, ही माहिती गोल्डमन यांना त्यांच्या हिरड्यांच्या डॉक्टरांशी बोलताना मिळाली होती.) पानावर हा प्रसंग बेबच्या डोक्यात शिरून लिहिलेला आहे, पडद्यावर लॉरेन्स ऑलिव्हिए यांचा मृदू आवाज, त्यांची नीटनेटकी हालचाल आणि यंत्राची घरघर एवढ्यावरच सगळे काम होते. पूर्वप्रदर्शनात प्रेक्षकांना ते सोसवेना म्हणून हा भाग कापून लहान करावा लागला. येथे मी चित्रपटाला झुकते माप देईन. शेवटाच्या बाबतीत मात्र कादंबरीच श्रेष्ठ आहे. मूळ शेवट कठोर आहे आणि बेबच्या एकूण प्रवासाला साजेसा आहे. चित्रपटात तो बदलला गेला, आणि तो बदल खुद्द गोल्डमन यांनाही रुचला नव्हता. रक्त आणि यातना यांची वर्णने ज्यांना झेपत नाहीत त्यांनी दोन्हींपासून दूर राहिलेले बरे.

‘मॅजिक’ची कादंबरी 1976 ची आणि चित्रपट 1978 चा. कॉर्की हा जादूगार एकट्याने रंगमंचावर उभा राहिला की पडतो, आणि फॅट्स नावाचा उद्धट जोडीदार बरोबर आला की गाजतो. कादंबरीत फॅट्सच्या रोजनिशीतली पाने येतात, त्याची जीभ तिखट आहे, निरीक्षण धारदार आहे, आणि तो नेमका कोण हे वाचकाला लगेच उमगू नये अशी रचना गोल्डमन यांनी केली आहे. चित्रपटाच्या जाहिरातीतच शब्दभ्रमकाराचा लाकडी बाहुला डोळे वटारून बसलेला होता, त्यामुळे आजचा कोणताही वाचक हे गुपित बाहेरच ठेवून पुस्तक उघडू शकत नाही. खांब असा आधीच निखळलेला असल्यामुळे कादंबरीचा पहिला भाग आता पूर्वीइतका परिणाम करत नाही.

त्याउलट चित्रपटात एक प्रसंग असा आहे की त्यासाठी मी तो कोणालाही पाहायला सांगेन. कॉर्कीचा वयोवृद्ध एजंट बेन ग्रीन त्याला म्हणतो, की या बाहुल्याला फक्त पाच मिनिटे गप्प ठेवून दाखव. एवढेच. कॉर्की हसतो, घड्याळ लावले जाते, आणि पहिल्या मिनिटातच अँथनी हॉपकिन्स यांच्या कपाळावर, ओठांवर, बोटांवर जे दिसू लागते ते पाहून आपलाच श्वास अडकतो. समोर बर्जेस मेरेडिथ सिगार हातात धरून बसलेले आहेत आणि त्यांच्या नजरेत धाक नाही, दया आहे. हा प्रसंग पुस्तकातही आहे. परंतु शांतता शब्दांत लिहायची म्हटले की शब्द वापरावेच लागतात, आणि इथे शब्दच नको आहेत. पुढे ‘गांधी’ करणारे रिचर्ड ॲटनबरो या चित्रपटाचे दिग्दर्शक होते. वेळ कमी असेल तर ‘मॅजिक’ पाहून थांबावे.

‘द प्रिन्सेस ब्राइड’ची गोष्ट निराळी आहे. गोल्डमन यांना दोन मुली होत्या. तुमच्यासाठी कशाची गोष्ट लिहू असे त्यांनी विचारल्यावर एकीने राजकन्यांची म्हटले, दुसरीने नवऱ्यामुलींची, आणि कादंबरीचे नाव तिथेच ठरले. सुरुवातीची प्रकरणे लिहून झाल्यावर ते अडले. वाट सापडली ती एका कल्पनेमुळे. ही गोष्ट आपली नाहीच, ती एस. मॉर्गनस्टर्न नावाच्या जुन्या लेखकाची आहे, लहानपणी आजारी असताना वडिलांनी ती आपल्याला वाचून दाखवली, मोठेपणी पाहिले तर मूळ पुस्तक कंटाळवाण्या तपशिलांनी भरलेले निघाले, आणि वडील त्यातला फक्त रंजक भाग वाचत असत असे लक्षात आले; म्हणून आता तो रंजक भाग तेवढा छापत आहे, असा बनाव त्यांनी रचला. मॉर्गनस्टर्न कधी अस्तित्वातच नव्हता. पुस्तकातल्या ‘गोल्डमन’ची मानसोपचारतज्ज्ञ बायको आणि जाडसर मुलगा हेही कल्पित आहेत. मध्येच कथा थांबवून ‘इथले अमुक इतके मी गाळले’ अशी टिप्पणी येते. 1973 च्या पहिल्या आवृत्तीत या टिपा लाल शाईत छापल्या होत्या. एके ठिकाणी तर गाळलेला प्रसंग हवा असेल त्यांनी प्रकाशकाला पत्र लिहावे असे सांगितले आहे, आणि लिहिणाऱ्या वाचकांना प्रकाशकाकडून खरोखर उत्तर जात असे, ज्यात प्रसंग नसे, तो का पाठवता येत नाही याची लांबलचक कायदेशीर कारणे असत.

हा सगळा बनाव पडद्यावर येणे अशक्यच होते. 1987 च्या चित्रपटात त्याऐवजी आजोबा आजारी नातवाला पुस्तक वाचून दाखवतात. पीटर फॉक यांनी केलेले ते आजोबा इतके मायाळू आहेत की प्रेक्षकाला काही गमावल्यासारखे वाटत नाही. कड्यावरचे तलवारयुद्ध कॅरी एल्विस आणि मँडी पटिंकिन यांनी कित्येक महिने तालीम करून जवळजवळ संपूर्ण स्वतः केले आहे, आणि ते वाचण्यापेक्षा पाहण्यात कितीतरी पटींनी आनंद आहे. परंतु तलवार बनवणाऱ्या बापाची आणि त्याच्या सूडासाठी वीस वर्षे झुरणाऱ्या इनिगोची कहाणी पडद्यावर एका संवादात आटोपते, तर कादंबरीत ती जवळजवळ स्वतंत्र कथा आहे. धिप्पाड फेझिकचे एकाकी बालपणही फक्त पुस्तकातच नीट भेटते. शिवाय कादंबरीचा शेवट चित्रपटाइतका निश्चिंत नाही. आयुष्य न्यायाने वागत नाही, हे मुलांना लवकर सांगून टाकावे असा त्या पुस्तकाचा आग्रह आहे. ज्या लेखकाने शाळकरी वयात वडील गमावले त्याने अडखळत, परक्या उच्चारात, रात्रंदिवस मुलाच्या उशाशी बसून वाचणारा बाप कल्पनेने घडवावा, ही गोष्ट माहीत झाल्यावर मला त्या प्रस्तावनेतला विनोद अधिक मोलाचा वाटू लागला. म्हणून घरातल्या मुलांसह आधी चित्रपट पाहावा आणि स्वतः नंतर कादंबरी वाचावी, किंवा उलटही करावे. दोन्हींत वेगवेगळे धन आहे. पुस्तक विकत घेताना मात्र एक काळजी घ्यावी. नंतरच्या वर्धापन आवृत्त्यांना गोल्डमन यांनी नव्या प्रस्तावना जोडल्या, आणि त्यांत चित्रपटाविषयी बरेच बोलले आहे. त्या शेवटी वाचाव्यात.

गोल्डमन यांच्या ज्या पटकथांमागे स्वतःची कादंबरी नाही, त्यांचा विचार इथे थोडक्यात पुरे. ‘बुच कॅसिडी अँड द सनडान्स किड’ची पटकथा त्यांनी कित्येक वर्षे माहिती जमवून लिहिली, ती चार लाख डॉलरना विकली गेली, जो त्या काळचा उच्चांक होता, आणि तिने त्यांना पहिले ऑस्कर मिळवून दिले. दुसरे ऑस्कर ‘ऑल द प्रेसिडेंट्स मेन’ला मिळाले, जिथे वुडवर्ड आणि बर्नस्टीन या पत्रकारांच्या वॉटरगेट प्रकरणावरील पुस्तकाचा उत्तरार्ध सरळ बाजूला ठेवून गोष्ट मध्येच थांबवण्याचे धैर्य त्यांनी दाखवले. परक्याच्या पुस्तकावर अशी कात्री चालवणारा हा लेखक स्वतःच्या पुस्तकांवरही तितक्याच निर्ममपणे चालवत असे, हे वरच्या तीन उदाहरणांतून दिसतेच. 1986 नंतर त्यांनी नवी कादंबरी प्रसिद्ध केली नाही; पटकथा मात्र पुढेही लिहीत राहिले, आणि 2018 मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले.

वाचक म्हणून नव्हे, तर स्वतः कादंबरी लिहावी की पटकथा या विचारात असलेला कोणी हे वाचत असेल, तर त्याने या तिन्हींच्या आधी ‘ॲडव्हेंचर्स इन द स्क्रीन ट्रेड’ हे 1983 चे पुस्तक हाती घ्यावे. त्यात ‘बुच कॅसिडी’ची संपूर्ण पटकथा छापलेली आहे आणि तिच्यातल्या चुकांवर खुद्द लेखकाचे भाष्य आहे. शेवटच्या भागात गोल्डमन यांनी एका न्हाव्यावरची आपली ‘दा विंची’ ही लघुकथा आधी छापली आहे, पाठोपाठ तिचीच पटकथा करून दाखवली आहे, आणि मग ती पटकथा छायालेखक गॉर्डन विलिस, संकलक डीडी ॲलन, दिग्दर्शक जॉर्ज रॉय हिल अशा जाणकारांपुढे ठेवून त्यांची मते जशीच्या तशी दिली आहेत. हिल यांना ती पटकथा मुळीच आवडली नाही, आणि गोल्डमन यांनी त्यांचे ते परखड मतही पुस्तकात ठेवले.