‘डिकरेन’ की ‘हावमांडेन’?

डेन्मार्कची पहिली पाणबुडी ‘डिकरेन’. डॅनिशमध्ये याचा अर्थच पाण्यात बुडी मारणारा! १९०९ मध्ये इटलीतल्या ला स्पेझियाहून घेतलेली ही एकुलती एक. १९१६ च्या ऑक्टोबरात नॉर्वेच्या ‘वेस्ला’ या आगबोटीची धडक बसून ती बुडाली; तिचा कमांडर त्यात गेला.

त्यानंतरच्या डेन्मार्कच्याच ‘हावमांडेन’ वर्गाचा, म्हणजे एकाच धाटणीच्या पाणबुड्यांच्या गटाचा, आराखडा फ्यूममधल्या व्हाइटहेड कंपनीचा, तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरीतल्या. पण यातल्या काही पाणबुड्या कोपनहेगनच्या नौदल गोदीतच बांधल्या. माझ्या मते खरा फरक इथेच: एक विकत आणलेली, दुसरीमुळे हाताला काम शिकता आलं. नावंही झकास: समुद्रपुरुष, जलपरी आणि चक्क ‘२ एप्रिल’, म्हणजे १८०१ ची कोपनहेगनची लढाई. तीही हरलेली!