विद्यापीठाच्या रिपॉझिटरीत धवले जमा करताना: सहा-सात महिन्यांनंतरचा अनुभव

ऐरोलीचं दिवागाव, गोठिवली, घणसोली इथल्या आगरी-कोळी लग्नांत धवलारणी, म्हणजे विधी गाण्यांतून करणाऱ्या बाया, जे धवले (लग्नविधीची गाणी) गातात, त्यांची ध्वनिमुद्रणं, लिहून काढलेली संहिता आणि फोटो मी विद्यापीठाच्या डिजिटल रिपॉझिटरीत, म्हणजे ऑनलाइन संग्रहात, जमा करतेय. मराठीत काम करणाऱ्या ज्यांना सुरुवात करायची आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

पीएचडीचा प्रबंध शोधगंगावर, म्हणजे भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, जातो. २००९ च्या यूजीसी नियमांनी ती वाट घालून दिली. पण प्रबंधामागचं मूळ साहित्य बहुतेक वेळा संशोधकाच्या हार्ड डिस्कमध्येच राहतं आणि डिस्क बिघडली की जातं. म्हणून मला रिपॉझिटरी हवी होती.

आमच्याकडे डीस्पेस आहे. एमआयटी आणि एचपी यांनी मिळून २००२ मध्ये आणलेली ही मुक्तस्रोत प्रणाली. शोधगंगाही त्यावरच चालते. लॉगिन करायचं, आपला संग्रह निवडायचा, फॉर्म भरायचा, फाइल चढवायची, परवाना मान्य करायचा. त्या परवान्याला घाबरू नका. आमच्याकडच्या परवान्यात स्वामित्व हक्क आपलाच राहतो, विद्यापीठाला फक्त जतन आणि वितरण करण्याची परवानगी मिळते. आपापल्याकडचा मजकूर मात्र एकदा वाचून घ्या. पुढे ग्रंथालय नोंद तपासतं आणि मंजूर झाली की तिला हँडल, म्हणजे कायमचा पत्ता मिळतो. सर्व्हर बदलला तरी तो पत्ता चालू ठेवता येतो.

खरं काम फॉर्ममध्ये आहे. त्याच्या मुळाशी डब्लिन कोअर आहे, साहित्याची माहिती नोंदवण्यासाठीची मूळ १५ घटकांची यादी: शीर्षक, कर्ता, तारीख, विषय, भाषा, हक्क वगैरे. पुस्तकासाठी हे सरळ आहे. धवल्याचा कर्ता कोण? ध्वनिमुद्रण मी केलं म्हणून माझं नाव घालावं, असं ग्रंथालयातून सुचवलं गेलं. मला ते पटलं नाही. जिच्या गळ्यात ते गाणं इतकी वर्षं राहिलं, तिचं नाव तळटिपेत ढकलणं अन्यायाचं आहे. बोलून असं ठरलं, की धवलारीण कर्ती आणि मी संकलक. तुमच्या नोंदींत गायक, सांगणारे, कारागीर असतील तर ही गोष्ट पहिल्याच दिवशी ठरवून घ्या. नाव प्रत्येक नोंदीत एकाच पद्धतीने लिहा: आडनाव, स्वल्पविराम, नाव. एकीकडे म्हात्रे मराठीत आणि दुसरीकडे रोमन लिपीत झालं, तर यादीत एकच बाई दोन वेगळ्या व्यक्ती म्हणून दिसते.

परवानगीचंही तसंच. गाणं सगळ्यांनी ऐकावं, पण मध्येच निघालेल्या घरच्या गप्पा बाहेर जाऊ नयेत, असं बऱ्याच जणींनी सांगितलं. डीस्पेसमध्ये प्रत्येक फाइलला वेगळा प्रवेश ठरवता येतो. एक खुली, दुसरी बंद किंवा ठरावीक तारखेनंतर खुली. ही सोय मला सगळ्यात मोलाची वाटली. गाणं आणि गप्पा वेगवेगळ्या फाइलींत कापून ठेवा, म्हणजे ती वापरता येते.

फाँटबद्दल कळकळीने सांगते. जुनी टिपणं श्रीलिपीसारख्या युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये असतील, तर पीडीएफ डोळ्यांना मराठी दिसते, पण आत भलतीच अक्षरं असतात. ‘हळद’ शोधलं तर काहीच सापडत नाही. आधी युनिकोडमध्ये आणा, नीट वाचून दुरुस्त करा आणि मग पीडीएफ-ए करा. दीर्घकाळ जतनासाठीचा तो प्रकार आहे, फाँट फाइलमध्येच बसतो. फाइलींची नावं रोमन अक्षरांत, मधे जागा न सोडता ठेवलेली बरी.

आवाजासाठी मूळ प्रत डब्ल्यूएव्ही आणि ऐकण्यासाठी एमपी३, अशा दोन्ही ठेवते. सीडीच्या दर्जाची स्टिरिओ डब्ल्यूएव्ही मिनिटाला साधारण १० एमबी घेते, त्यामुळे घरच्या इंटरनेटवर अपलोड रखडतो. मोठ्या फाइली मी कॉलेजच्या ग्रंथालयात बसूनच चढवते.

नाराजी दोन गोष्टींची. आमच्या फॉर्मवर सूचना फक्त इंग्रजीत आहेत. गावातल्या कुणाला स्वतःचं साहित्य जमा करायचं म्हटलं तर तो तिथेच अडेल. आणि नोंद मंजूर झाल्यावर एखादी वेलांटी सुधारायची तरी ग्रंथालयाला मेल करावा लागतो. परीक्षांच्या काळात तपासणीही लांबते. तरी परत पाठवलेल्या नोंदीवर तिथल्या मॅडम कारण स्पष्ट लिहितात, त्याचा फार उपयोग झाला.

भाषेच्या यादीत मराठी आहे, आगरी बोलीला जागा नाही. ती मी विषयाच्या रकान्यात लिहिते, गावाच्या नावासोबत. आता ध्वनिमुद्रणाला जातानाच फॉर्मच्या क्रमाने कागद तयार नेते: नाव कसं लिहायचं, गाव, तारीख, कोणता विधी, काय खुलं, काय बंद. तो कागद तिथेच वाचून दाखवते आणि सही घेते.