गोव्याच्या कॅसिनोत फाशांवर खेळायचं तर क्रॅप्स की सिक बो? आधी टेबलचा मिनिमम बघा

मांडवीतल्या बोटींवर जायचं ठरलं की बेळगाव-कोल्हापूरकडचे मित्र हमखास विचारतात, फाशांवरच खेळायचंय तर क्रॅप्स बरं की सिक बो. दोन्ही खेळ सगळ्या बोटींवर मिळतीलच असं नाय, त्यामुळे निघायच्या आधी फोन करून टेबल चालू आहे का नि त्या दिवशीचा मिनिमम, म्हणजे एका बेटला कमीत कमी लावायची रक्कम, किती ते विचारून घ्या, कारण गर्दीच्या रात्री मिनिमम वर चढला की सगळं गणित फिरतं.

सिक बो समजायला दोन मिनिटं पुरतात. तीन फासे, बेरीज ४ ते १० आली तर स्मॉल, ११ ते १७ आली तर बिग, एकास एक पैसे. फक्त तिन्ही फाशांवर सेम आकडा पडला की स्मॉलवालाही गेला आणि बिगवालाही गेला, कॅसिनोची कमाई तिथेच आहे. तीन फासे २१६ तऱ्हांनी पडू शकतात, त्यापैकी १०५ वेळा तुम्ही जिंकता, १११ वेळा हरता, म्हणजे २.७८ टक्के त्यांच्याकडे. ठरावीक ट्रिपलला, म्हणजे तिन्ही फाशांवर तुम्ही सांगितलेलाच आकडा यायला, एकास १८० लिहिलेलं दिसतं आणि लोक तिकडेच धावतात, पण तो ट्रिपल २१६ मधे एकदाच येतो, तिथे कॅसिनोचा वाटा १६ टक्क्यांच्या वर जातो. त्या खान्यात चिप ठेवूच नका, कळकळीनं सांगतोय.

क्रॅप्सला दोन फासे. पासलाइनवर पैसे लावले की पहिल्या टाकीत ७ किंवा ११ आला तर जिंकलात, २, ३, १२ आला तर गेलं, बाकी कुठलाही आकडा आला तर तो पॉइंट, मग ७ च्या आधी तोच परत यायला हवा. कॅसिनोचा वाटा फक्त १.४१ टक्के. वर पॉइंटमागे ऑड्स, म्हणजे पॉइंट ठरल्यावर त्याच बेटमागे जादा पैसे, लावता येतात, त्यात त्यांचा वाटा शून्य, ४ किंवा १० ला एकास दोन मिळतात. टेबलाच्या मधल्या एनी सेव्हनला, म्हणजे पुढच्याच टाकीत ७ येईल या बेटला, मात्र १६.६७ टक्के कापतात, तिकडे बघू पण नका.

आता खरा प्रश्न. समजा क्रॅप्सचा मिनिमम १००० आहे आणि सिक बोचा ५००. क्रॅप्समधे एका बेटचा निकाल लागायला सरासरी तीन-साडेतीन टाकी लागतात, म्हणून तासाला ३० निकाल धरा, सरासरी खर्च साधारण ४२० रुपये. सिक बोत दर डावाला निकाल, तासाला ४० धरले तर ५५० च्या आसपास. म्हणजे मिनिमम दुप्पट असूनही क्रॅप्स स्वस्त पडतं! पण सरासरी वेगळी आणि खिसा वेगळा, १० हजार घेऊन गेलात तर क्रॅप्सला तुमच्याकडे दहाच बेट आहेत, पासलाइन चार-पाच वेळा लागोपाठ गेली की अर्धा खिसा रिकामा, आणि ऑड्स लावायला पैसेच उरत नाहीत, जे खरं तर त्या खेळातलं सगळ्यात चांगलं आहे. सिक बोत त्याच पैशात वीस बेट.

डबलिंग करणाऱ्यांचं पण ऐका. ५०० पासून हरल्यावर दुप्पट करत गेलात तर सात वेळा हरल्यावर ६३,५०० गेलेले असतात आणि आठवी बेट ६४,००० ची, बहुतेक टेबलचा मॅक्झिमम तिच्या आधीच आडवा येतो. बिग-स्मॉलवर असे सात डाव लागोपाठ जायचा चान्स साधारण १०६ मधे एक, रात्रभर बसणाऱ्याला हे अगदी भेटू शकतं. सपाट बेट लावा, दर वेळी तेवढीच.

माझं मत, १० हजाराच्या आत असाल तर सिक बो, बिग किंवा स्मॉल, बस. मिनिममच्या ३०-४० पट पैसे असतील आणि टेबल चालू असेल तर क्रॅप्स, पासलाइन नि थोडे ऑड्स. पॅकेजमधल्या ओटीपी (वन टाइम प्ले, एकदाच खेळायच्या) चिप्स या हिशोबात धरू नका, त्या कॅश होत नाहीत.